एकवीस तास

दर आठवड्याला, दर घरामागे एकवीस तास.
वही माझ्याकडे आली
कारण अक्षर बरं होतं, आणि सहावा महिना लागलेला,
विटा उचलू देत नव्हतं कुणी.

मोंतेविदेओचं ते टोक, कत्तलखान्याच्याही पलीकडे.
बत्तीस कुटुंबं, चिखलाचं एक मैदान,
आणि नदीवरून येणारा वारा.
एवढी रुंद नदी, की पलीकडचा काठ फक्त ऐकून माहीत.

मी लिहायचे:
एबेर, बसचालक. शनिवारी आठ, रविवारी आठ,
बुधवारी रात्रपाळी उतरून पाच.
सुल्मा, शिवणकाम. पहिल्या महिन्यात थापी उलटी धरायची,
चौथ्या महिन्यात गवंड्यालाच म्हणाली,
वारा पडू दे, मग बघ ओळंबा.
दार्दो. तीन आठवडे शून्य.

सभेत तो उठला, म्हणाला, बायको इस्पितळात आहे.
कुणीच काही बोललं नाही.
येर्बाचा कडू काढा हातोहात फिरत राहिला,
मग कोपऱ्यातून आलं: माझे चार त्याच्या नावावर लाव.
मग दोन. मग अर्धा, एका पोराकडून,
ज्याचे तास आम्ही मोजतच नव्हतो.

पुढच्या सभेत याच दार्दोशी
रात्री दीडपर्यंत भांडलो,
सिमेंटच्या तीन गोण्या कुठे गेल्या म्हणून.
हेही सांगते. संत नव्हतो आम्ही.

एबेरची म्हातारी रोज पोतंभर बटाटे सोलायची.
ते काम धरायचं की नाही?
सोळा विरुद्ध चौदा. दोघं झोपलेले.
तेव्हापासून बटाट्यांचेही तास.

त्याआधी आम्ही जुन्या शहरात, जिन्याखालच्या खोलीत.
सात बिऱ्हाडांत एक न्हाणी.
पहिल्या तारखेला मालकाचा मुलगा शीळ घालत यायचा.
अजून कुणी शीळ घातली
की माझा हात पाकिटाकडे जातो.

नियम असा, की छपरं पुरी होईपर्यंत
कुणाचं घर कुठलं ते ठरवायचं नाही.
म्हणजे प्रत्येक भिंत आपलीच असल्यासारखी बांधायची,
नाहीतर कुणाचीच नसल्यासारखी.
दोन्ही पाहिलंय मी.

रोसाना झाली, मग मीही थापी धरली.
वाल्तेर नदीपलीकडे गेला, कामाला जातो म्हणून,
त्या दिवशी अकरा नंबरच्या स्वयंपाकघरात
मी फरशी बसवत होते.
खिडकीपासून तिसरी ओळ. सांधा बोटभर सरकलाय.
ते दोन तास मी वहीत लिहिले नाहीत.

पावाच्या टोपलीत बत्तीस चिठ्ठ्या.
मला चोवीस. तिथला गिलावा दार्दोचा,
आरशासारखा, काय बोलणार.
अकरा सुल्माला गेलं.
म्हटलं, रविवारी येते, ती ओळ उखडून नीट करून देते.
ती म्हणाली, राहू दे गं,
सांडलेलं पाणी आपसूक तिकडे जातं,
पुसायला एकच जागा.

बावीस वर्षं झाली. विकता येत नाही,
भाड्याने देता येत नाही. हप्ता भरायचा आणि राहायचं.
लहानपणी रोसानाने विचारलं होतं,
मग हे घर आपलं आहे की नाही?
आपलं आहे, म्हटलं. माझं नाही.
तिला तेव्हा कळलं नाही,
मलाही बोलल्यावरच कळलं.

आता तिचं स्वतःचं मैदान आहे, रेल्वेच्या जुन्या शेडमागे.
चाळीस कुटुंबं. तिथली वही तिच्याकडे.
गेल्या रविवारी आली, नखांत चुना,
माझी जुनी वही मांडीवर घेऊन बसली, पानं उलटत.
मग वर न बघता म्हणाली,
आई, शून्य लिहायची वेळ आली की काय करायचीस?

पेन्सिलने लिहायचे, म्हटलं.